आता तुझा ओव्हर

लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी नवऱ्याला फोनवर म्हणाले, "ओव्हर दिला की निघते," तर त्यानं विचारलं, "कितवी?" तो एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, आणि क्रिकेटचं वेड डोक्यात भिनलेलं. घरी आल्यावर त्याला समजावून सांगितलं. ड्युटी संपवणारी सिस्टर ड्युटीवर येणाऱ्या सिस्टरला एकेका बेडपाशी नेते आणि त्या पेशंटचं सगळं सांगते. जेवला का, झोपला का, लघवी किती झाली, कुठं दुखतंय, ड्रेसिंग कधी केलं, कशानं घाबरला. याला ओव्हर देणं म्हणतात. समोरची ऐकते, विचारते, लिहून घेते आणि म्हणते, "घेतला." तिनं घेतला म्हटलं की पेशंट तिचा आणि पहिली मोकळी. ओव्हर न देता घरी गेलेली सिस्टर मी उभ्या नोकरीत पाहिलेली नाही. माहेरी मयत झाल्याचा निरोप आला तरी ती आधी ओव्हर देते, मग रडते.

मी मूळची श्रीरामपूरची. आमच्या आळीतल्या दर दुसऱ्या ख्रिस्ती घरात एक तरी सिस्टर होती, त्यामुळे मोठेपणी काय होणार हे मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं. नगरच्या (कागदावर आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) एका मोठ्या दवाखान्यात लागले आणि थोड्याच दिवसांत ट्रॉमा वॉर्डात आले, म्हणजे अपघाताच्या पेशंटच्या वॉर्डात. हायवेवर धडकलेले, विहिरीत पडलेले, कडबाकुट्टीत चारा घालताना हात गमावलेले, आणि कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्यांचे. मला तो वॉर्ड आवडायचा, हे सरळच सांगते. मी तापट बाई आहे. हळूहळू बऱ्या होणाऱ्या दुखण्यांपाशी बसायचा मला कंटाळा. इथं पेशंट आला की हात चालवायचे, रक्त थांबवायचं, माणूस राखायचा. आणि तीन महिन्यांनी तोच माणूस कुबड्या घेऊन पेढे द्यायला येतो. दहा वर्षं मी या पेढ्यांवर काढली.

अकराव्या वर्षी काहीतरी बिघडलं. नेमकं कधी ते सांगता येत नाही. दोघी नोकरी सोडून गेल्या, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, डबल ड्युट्या लागायला लागल्या. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पण थकवा हे त्याचं नाव नव्हे. थकलेलं माणूस झोपलं की बरं होतं. मी झोपून उठायचे आणि तशीच असायचे. दारात एखादी आई हंबरडा फोडायची आणि माझ्या डोक्यात एवढंच यायचं, की हिच्या बाजूनं स्ट्रेचर कसं काढायचं. रविवारी उपासनेला गेले आणि प्रार्थनेत आजाऱ्यांची नावं घेतली गेली, की मी मनात रिकामे बेड मोजायचे.

एके दिवशी आमची मुलगी सायकलवरून पडली. गुडघा चांगलाच सोलला होता. मी तिला खुर्चीवर बसवून जखम धुवायला घेतली, नवरा काळजीनं वाकून बघायला लागला. मी मान वर न करता म्हणाले, "नातेवाईकांनी बाहेर थांबा." दोघं पोट धरून हसले. आजही पाहुणे आले की तो किस्सा सांगितला जातो. मीही हसले. पण संध्याकाळी भांडी घासताना लक्षात आलं, की पोरीचं रक्त बघून मला काहीच झालं नव्हतं. माझ्या पोटची पोर, आणि मी फक्त जखम पाहिली होती. मी घाबरले. इतकी घाबरले की साबणाचे हात तसेच ठेवून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मी ओपीडीत बदलीसाठी अर्ज दिला. तिथं बाहेरचे पेशंट येतात, औषध घेऊन घरी जातात. दिवसाची ड्युटी, रविवार मोकळा. पण मला आराम हवा होता म्हणून तो अर्ज नव्हता. ज्या बाईला काही वाटत नाही तिनं या वॉर्डात राहणं ही पेशंटची फसवणूक आहे, असं मला वाटत होतं. माझ्यातली सिस्टर अजून जिवंत आहे, की नुसते हात चालतायत, हा एकच प्रश्न माझ्यापुढं होता. मेट्रन मॅडमनी, म्हणजे आम्हा सगळ्या सिस्टरांच्या वरिष्ठ बाईंनी, अर्ज वाचला आणि बाजूला ठेवला. "माणसं कुठून आणू?" एवढंच म्हणाल्या.

त्यांनी काहीच केलं नाही असं मात्र नाही. त्यांनी आमच्यासाठी ताणतणावावर व्याख्यान ठेवलं. तेही आमच्या सुट्टीच्या दिवशी, आणि हजेरी सक्तीची. पुण्याहून एक गृहस्थ आले. त्यांनी आम्हाला डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावला, मग मोठमोठ्यानं हसायला लावलं, आणि कामावर प्रेम करा असं सांगून जेवायच्या आत निघून गेले. उंटावरून शेळ्या हाकणं याहून वेगळं काय असतं. डोळे मिटल्यावर आमच्यातल्या चारजणी खरोखर झोपल्या, तेवढाच त्या व्याख्यानाचा फायदा.

तेव्हा आठ नंबरच्या बेडवर पुणतांब्याकडचे एक आजोबा होते. खुब्याचं हाड मोडलेलं, तोंड मात्र शाबूत. मी त्यांची नाडी बघत होते, तर ते म्हणाले, "बाई, तुमी रोज येता, पर हितं नसता."

"नसते तर नाडी कोण बघतंय, आजोबा?" मी विचारलं.

"हात येत्यात तुमचे. हात लई चांगले हायती," ते म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. मला त्यांचा राग आला. दिवसभर आला.

त्यांच्या शेजारी, सात नंबरला, एक दूधवाला होता. मोटरसायकलचा अपघात. एकोणीस दिवस तो आमच्याकडं होता. दूध विकणारा माणूस, पण रोज सकाळी काळा चहा मागायचा, आणि दूध नको म्हणताना डोळा मारायचा. एका सकाळी अकराच्या सुमारास तो गेला. त्याचं सगळं मीच केलं. अंग पुसलं, पट्ट्या सोडवल्या, कागद केले, त्याच्या भावाला आत घेतलं. मग चादर बदलली आणि पुढच्या पेशंटकडं वळले.

दोन वाजता दुपारच्या ड्युटीच्या सिस्टर आल्या. माझ्याकडून ओव्हर घ्यायला आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या सिस्टर होत्या. नगरातल्याच, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या. त्यांना सगळा दवाखाना आपा म्हणतो. माझ्या हातात सकाळी आठला लिहिलेली चिठ्ठी होती, आणि मी मान खाली घालून बेडमागून बेड वाचत चालले होते. सहा झाला. सातपाशी थांबले आणि वाचलं, "झोप बरी. सलाईन चालू. ड्रेसिंग दहा वाजता करायचं. चहा मागतो, अजून द्यायचा नाही."

आपांनी काही लिहिलं नाही. मी वाट बघत होते, त्या घेतला म्हणतील म्हणून. मग शेजारच्या बेडवरून आजोबा हळूच म्हणाले, "बाई, त्यो गेला न्हाई का सकाळी."

मी वर पाहिलं. समोर पांढरी चादर होती, मीच घातलेली, कोपरे नीट दुमडलेली. तीन तासांपूर्वी ज्याचे डोळे मी स्वतःच्या हातानं मिटले, त्याचा मी ओव्हर देत होते. कुणी हसलं नाही, कुणी चुचकारलंही नाही. आपांनी माझ्याकडून चिठ्ठी घेतली, उरलेले बेड स्वतःच बघून लिहिले आणि मला ड्रेसिंग रूममध्ये नेऊन स्टुलावर बसवलं.

"वॉर्ड झाला," त्या म्हणाल्या. "आता तुझा ओव्हर दे."

"माझा कसला ओव्हर?"

"पेशंटचा देतेस तसा. जेवण?"

मला चीड आली होती, पण त्या सवयीपुढं माझं काही चालेना. अकरा वर्षं कुणी जेवण विचारलं की मी उत्तर देत आले होते. "सकाळी सहाला अर्धी पोळी," मी म्हणाले.

"पाणी?"

"आठवत नाही."

"लघवी?"

"घरून निघताना. नंतर नाही."

"झोप?"

"चार तास."

"दुखतं कुठं?"

"कुठंच नाही," मी म्हणाले. "आपा, तेच तर. कुठंच काही दुखत नाही."

"न दुखणारी जखम वाईट असते," त्या म्हणाल्या. "हे तुला मी सांगायचं का?" खरं होतं. शुगरच्या पेशंटचा पाय सडतो तो दुखत नाही म्हणून, आणि खोल भाजलेलं कळतच नाही. हे मीच नव्या पोरींना शिकवत होते. आपांनी मला कसलाही उपदेश केला नाही. वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "घेतला. आता घरी जा." मी पिशवी घेऊन बाहेर पडले. मला वाटतं, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी काहीतरी वॉर्डातच ठेवून घरी गेले होते.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता पेशंटचा ओव्हर संपला आणि आपा पुन्हा म्हणाल्या, "तुझा." तिसऱ्या दिवशी मी दुसऱ्या सिस्टरला विचारलं. आठवड्याभरात सगळ्यांचं सुरू झालं. जेवण, पाणी, झोप, दुखणं, बस. एकेकाला मिनिटभर. नियम एकच, ऐकणाऱ्यानं सल्ला द्यायचा नाही. नगरात सल्ला न मागता मिळतो, त्यामुळे हा नियम पाळणं सगळ्यांत अवघड गेलं. फक्त घेतला म्हणायचं, आणि करता येण्यासारखं असलं तर करायचं.

सुरुवातीला सगळे खोटं बोलायचे. आमचा एक ब्रदर होता, म्हणजे पुरुष नर्स, हिवरे बाजारकडचा, घरी शेती आणि म्हशी. तो एका दमात म्हणायचा, "जेवण नॉर्मल, झोप नॉर्मल, पेशंट स्टेबल."

आपा म्हणाल्या, "स्टेबल पेशंटला आपण डिस्चार्ज देतो. देऊ का?"

सगळे हसले, तोही हसला. मग खाली बघत म्हणाला, "घरची कडबाकुट्टी मी बंद ठेवलीय. त्या पोरीचा हात आला होता ना आपल्याकडं, तेव्हापासून. म्हशींपुढं अख्खाच कडबा टाकतो. आईला सांगितलंय, मोटार जळली." समोरची सिस्टर म्हणाली, "घेतला." त्यानंतर महिनाभर हाताच्या जखमांचं एकही ड्रेसिंग आम्ही त्याच्या वाट्याला येऊ दिलं नाही.

ही गोष्ट मेट्रन मॅडमच्या कानावर जाणारच होती. त्या कडक बाई. साडीची घडी मोडलेली मी कधी पाहिली नाही, आणि हसलेलंही. ऐन गळिताच्या हंगामात एका दुपारी दोनला त्या वॉर्डात येऊन उभ्या राहिल्या आणि आमचा ओव्हर मध्येच तोडला. "पेशंटचं सांगून झालं की निघायचं. स्वतःची दुखणी घरी सांगायची," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "तुमची बदली मंजूर केलीय मी. सोमवारपासून ओपीडी. तुम्ही गेलात की हेही थांबेल."

म्हणजे त्यांचा सुंठीवाचून खोकला गेला. जे मी मागितलं होतं तेच हातात पडलं होतं, आणि माझं डोकं भणाणून गेलं होतं. आम्ही आपापल्या पिशव्या उचलल्या आणि निघालो.

फाटकापर्यंत पोचलो असू, तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आत शिरली, तिच्यामागं पिकअप, आणि पिकअपमागं आणखी एक जीप. ऊसतोड मजुरांची ट्रॉली उलटली होती. नऊजण. पिशव्या वॉचमनच्या खुर्चीवर टाकल्या आणि सकाळची सगळी ड्युटी उलट्या पावली आत धावली.

पुढचे पाच तास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. ब्रदर एकेकाचे कपडे कातरत पुढं जात होता. आपा रक्ताच्या पिशव्या तपासत होत्या, आवाज न चढवता. एका बाईच्या मांडीतून रक्त थांबत नव्हतं. ऑपरेशन थिएटर मोकळं नव्हतं आणि जखमेवर हात दाबून धरायला कुणी रिकामं नव्हतं. मी वळून पाहिलं तर मेट्रन मॅडम फरशीवर गुडघे टेकून बसल्या होत्या, पदर खोचलेला, दोन्ही हात त्या बाईच्या मांडीवर. स्ट्रेचर खाली होतं तसं खालीच. पंचवीस मिनिटं त्या हलल्या नाहीत. मधे एकदाच मला म्हणाल्या, "चष्मा वर करा माझा." मी केला.

साडेसातपर्यंत नऊच्या नऊ जणांची व्यवस्था लागली होती. दोघं थिएटरमध्ये, बाकीचे बेडवर, आणि सगळे जिवंत. मी हे पुन्हा लिहिते, कारण असा दिवस फार क्वचित मिळतो. सगळे जिवंत होते.

आठला रात्रीची ड्युटी आली. सकाळच्या, दुपारच्या आणि रात्रीच्या, अशा तिन्ही ड्युट्या एकत्र उभ्या राहून ओव्हर झाला, मॅडमही बरोबर फिरल्या. शेवटचा बेड संपला. दुपारचा हुकूम कुणीच विसरलं नव्हतं. तरीही कुणी जागचं हललं नाही. मला आता गमवायचं काय होतं? मी तर सोमवारी जाणारच होते.

"जेवण नाही," मी म्हणाले. "पाणी एक ग्लास. झोप काल पाच तास. दुखणं, खांदे. आणि राग आहे. मॅडम, तुमच्यावर आहे."

आपा म्हणाल्या, "घेतला."

मग ब्रदरनं दिला, मग बाकीच्यांनी एकेकानं. आपांनी स्वतःचा दिला, तेव्हा त्यांचे गुडघे किती वर्षं दुखतायत हे आम्हाला कळलं. सगळे संपले. मॅडम दाराजवळ उभ्या होत्या, साडीवर रक्त सुकलेलं. मला वाटलं, आता मेमो मिळणार.

"जेवण," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "सकाळी चहा-बिस्कीट. झोप गोळी घेऊन. दुखणं..." त्यांनी आपल्या हाताकडं पाहिलं. "त्या बाईला आत नेऊन दोन तास झाले. माझे हात अजून तिच्या मांडीवरच आहेत असं वाटतंय. सुटतच नाहीयेत."

कुणी सल्ला दिला नाही. त्यांच्या सगळ्यांत जवळ मी उभी होते.

"घेतला, मॅडम," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. राग उतरला का असं विचारलं, मी अर्धा उतरल्याचं सांगितलं. मग मीच म्हणाले, "ओपीडीला मी जाईन, पण कायमची नाही. ट्रॉमामधल्या प्रत्येकानं आळीपाळीनं तीन महिने तिथं जायचं आणि परत यायचं. ओपीडीतलं एकेक माणूस तेवढे दिवस आमच्याकडं. आणि पहिला नंबर ब्रदरचा, माझा नाही."

"आणि ओपीडीतल्या बायकांनी आरडाओरड केली तर?"

"आरडाओरड मलाही येते."

त्या चक्क हसल्या. महिनाभर भांडाभांडी झाली, हे लपवत नाही. ओपीडीतल्या काहीजणी माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. पण ड्युटीच्या तक्त्यावर आळीपाळी चढली, आणि प्रत्येक ओव्हरला पंधरा मिनिटं जास्तीची मिळाली, मॅडमच्या सहीनं. ब्रदर तीन महिने राहून आला आणि येताना घरचा खरवस घेऊन आला. मोटार दुरुस्त झाली म्हणाला. त्या दिवसापासून आजपर्यंत आमच्या वॉर्डातून एकानंही नोकरी सोडलेली नाही. यात माझी बढाई आहे, आणि ती मी मारणार.

माझी पाळी उन्हाळ्यात आली. तीन महिने मी खोकले, ताप आणि बीपी पाहिले, दुपारी घरी येऊन गाढ झोपले, मुलीशी कडाकडा भांडले, चर्चमध्ये घसा फुटेपर्यंत गायले. नवरा म्हणाला, तुझं इंजिन आता पहिल्यासारखं आवाज करतंय. पण खरी परीक्षा परत गेल्यावरच होती, हे मला माहीत होतं. प्रश्न अजून तसाच होता.

परतीच्या पहिल्याच सकाळी विहिरीचा गाळ काढताना पडलेल्या एका माणसाला आणलं. पाय दोन ठिकाणी मोडलेला, बरगड्या गेलेल्या, पण श्वास चांगला. आम्ही त्याला स्थिर केलं आणि मी सलाईन लावून बाहेर आले, तर दारात त्याची बायको उभी होती. हातात नवऱ्याची एकच चप्पल, छातीशी धरलेली. मला बघून तिनं विचारलं, "बाई, दुसरी घावलीच न्हाई. त्यास्नी घरी नेताना अनवानी कसं न्यावं?"

एकेक चप्पल घेऊन उभी राहिलेली माणसं मी अकरा वर्षांत किती पाहिली असतील, याला हिशेब नाही. त्यांना बाजूला सरकवून मी स्ट्रेचर काढत आले होते. त्या दिवशी मी तिच्यापाशी थांबले. तिला सांगितलं, की तो वाचलाय, पाय बरा होईल, चप्पल नवी घेता येते. तिला खांद्याला धरून बाकावर बसवताना मला इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं, की मी मास्क डोळ्यांपर्यंत ओढला आणि त्या गर्दीत उभ्या उभ्या आनंदानं रडले.